सभेतला प्रश्न सभेतच सुटावा



पोळा होऊन गणपती बसले, की वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवालाचे पुस्तक आपल्या घरी येते. कुणी ते उघडून ताळेबंदापर्यंत जातो, कुणी पहिल्या पानांवरचे फोटो बघून फडताळात ठेवून देतो. सभेच्या दिवशी मंडप भरतो. विषयपत्रिकेवरचा विषय वाचून होतो न होतो तोच पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठतो. मागच्या बाजूला हातात कागद घेऊन एखादा सभासद उभा असतो. शेजारचा त्याचा सदरा ओढून म्हणतो, “बसा हो आबा, कशाला वाईटपणा घेता? मंजूर म्हणा अन् जेवायला चला.” आबा बसतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘सभा खेळीमेळीत’ असा मथळा येतो, नाहीतर ‘गोंधळात सर्व विषय मंजूर’ असा. कधी मंडपाबाहेर दुसरा लाऊडस्पीकर लागतो आणि तिथे समांतर सभा भरते.

हे चित्र कोणा एका कारखान्याचे नाही. उभ्या महाराष्ट्रात साखर कारखानदारीत ते कमी-अधिक प्रमाणात दिसते. सभा लवकर आटोपली म्हणजे संस्था एकदिलाची, आणि प्रश्न निघाले म्हणजे फाटाफूट, असा एक समज आपल्यात घर करून बसला आहे. तो समज कितपत खरा आहे, आणि त्या आबांच्या हातातल्या कागदाचे पुढे काय होते, याचा थोडा विचार आपण सगळ्यांनी मिळून करावा, एवढ्यासाठी हा लेख.

मालक कोण, हे कायदा सांगतो

आपल्या चळवळीची सुरुवातच मुळी सभेतून झाली. 1945 साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागायतदारांची परिषद भरली. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना शेअर घ्यायला तयार केले, आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. एक पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ, दुसरा लोणीचा कमी शिकलेला शेतकरी. पण दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ज्याच्याकडून पैसा घ्यायचा त्याला तो कशासाठी, कसा आणि परत कधी, हे ओट्यावर बसून समजावून सांगितल्याशिवाय शेअर जमत नाही. त्या काळी शंका विचारणाऱ्याला कुणी विरोधक म्हणत नव्हते, कारण शंका फिटली तरच तो पैसे देणार होता.

आज शेअर जमलेले आहेत, इमारती उभ्या आहेत. त्यामुळे शंका फेडण्याची घाई उरली नाही. कायदा मात्र अजूनही सभासदालाच मालक मानतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा आहे. त्यातली चार-पाच कलमे प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असावीत.

कलम 27 प्रमाणे एका सभासदाला एकच मत. दहा एकर ऊस असो की अर्धा एकर, मताचे वजन सारखे. कलम 32 प्रमाणे सभासदाला कार्यालयीन वेळेत संस्थेच्या कार्यालयात जाऊन पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराची नोंद विनामूल्य पाहता येते. फी भरून नकलाही मागता येतात. कलम 75 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यायची असते. संचालकांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना कर्ज दिले असेल तर त्याचे पत्रकही त्या सभेपुढे ठेवावे लागते. कलम 76 प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी, किंवा पोटनियमात त्याहून कमी संख्या दिली असेल तर तितक्यांनी, लेखी मागणी केली की एका महिन्यात विशेष सभा बोलवावीच लागते.

आणखी एक कलम आहे, 35 वे. ते सभासदाला काढून टाकण्याविषयी आहे. त्यासाठी खास बोलावलेल्या सभेत हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात, त्या सभासदाला सभेपुढे आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि निबंधकाची मान्यता मिळेपर्यंत तो ठराव अमलात येत नाही. संस्थेच्या हिताला किंवा कारभाराला बाध आणणारे कृत्य असेल तरच ही पाळी यायची. प्रश्न विचारणे हे तसले कृत्य नव्हे. म्हणजे कायद्याने सभासदाचे तोंड बांधलेले नाही, उलट त्याला कुंपण घालून राखले आहे.

एका दशांशाचा हिशेब

कुणी म्हणेल, एवढे काय विचारायचे असते सभेत? त्याला हा साधा हिशेब दाखवावा.

2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफ.आर.पी. 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवली, म्हणजे टनाला 3550. त्यापुढे उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलला 3 रुपये 46 पैसे वाढतात, म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ते 3460 रुपये झाले. चार लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ही रक्कम 1 कोटी 38 लाख 40 हजारांवर जाते. उताऱ्यातला एक दशांश एवढा महाग आहे.

आता उतारा कशाने घटतो? कोवळा ऊस आला तर घटतो, पाचट-माती आली तर घटतो, तोडलेला ऊस फडात किंवा गव्हाणीपुढे तीन-चार दिवस उन्हात राहिला तर घटतो. त्यात वजनही जाते, ते वेगळेच. यातली पहिली खबर कुणाला लागते? प्रयोगशाळेला नाही, चेअरमनसाहेबांना तर नाहीच. ती लागते बांधावर बसलेल्या सभासदाला. “माझा ऊस तोडून चार दिवस झाले, गाडी आली नाही,” हे तो सांगतो तेव्हा ते गाऱ्हाणे वाटते. पण तशी शंभर गाऱ्हाणी एका ठिकाणी लिहून काढली, तर वाहतुकीचे गणित कुठल्या गटात चुकते आहे ते सल्लागाराला फी न देता कळते.

तोडणी-वाहतुकीच्या खर्चाचेही तेच. तो आपल्या बिलातून वजा होतो. टनामागे तो गेल्या वर्षी किती होता, यंदा किती झाला आणि का वाढला, हे विचारण्यात राजकारण नाही. ते आपल्या भाकरीबद्दलचे विचारणे आहे.

मग आबा बसतात का?

तर मग हातात कागद असूनही आबा खाली का बसतात? भिडेखातर बसतात, हे खरे. गावकीचे, भावकीचे संबंध असतात. पण त्याहून खोल एक कारण आहे आणि ते आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. सभेत उभे राहणाऱ्या सभासदाच्या मनात एकच हिशेब चालू असतो : आज मी बोललो, तर डिसेंबरात माझ्या फडात टोळी वेळेवर येईल का?

ऊस हे काही कापसासारखे घरात साठवायचे पीक नाही. तो फडातून वेळेवर हलला नाही तर तुरे येतात, पोकळी पडते, वजन घटते, आणि पुढचा गहू-हरभराही हुकतो. ज्याच्या हातात तोडणीची तारीख, त्याच्या हातात सभासदाची वर्षाची कमाई. कुणी मुद्दाम सूड घेत असेल असे नाही. पण घेऊ शकतो, एवढी शंकाच माणसाला गप्प बसवायला पुरे होते. म्हणून सभेत बोलायचे स्वातंत्र्य नोटिशीतल्या ‘सभासदांनी मोकळेपणाने विचार मांडावेत’ या वाक्याने मिळत नाही. ते गट ऑफिसच्या भिंतीवरच्या तोडणीच्या यादीने मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका सभासदाची पूर्वहंगामी लागण 20 ऑक्टोबरची आहे आणि शेजाऱ्याची 10 नोव्हेंबरची. तोड मात्र शेजाऱ्याला आधी लागली. त्याचे कारण अगदी साधे असू शकते : ओढ्याला पाणी होते, गाडी उतरत नव्हती, टोळी आधीच त्या अंगाला उतरली होती. चिटबॉयने येऊन तेवढे सांगितले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण सांगितले नाही. मग पारावर दुसरे कारण तयार होते : “तो अमक्याचा माणूस, तमक्याचा पाहुणा.” आठ दिवसांत तेच खरे होऊन बसते, आणि आता तर मोबाईलवरून ते तासाभरात चार गावांत पोचते. कारखान्याने कागद लावला नाही, की ती जागा अफवा घेते.

लागण तारखेप्रमाणे गटाची यादी भिंतीवर लागली, नंबर डावलला तर त्यापुढे कारण लिहिले गेले, आणि ते वाचायची सवय लोकांना लागली, तर दोन गोष्टी होतात. अफवा थांबते, ही पहिली. दुसरी अधिक मोलाची : सभेत टीका करणाऱ्याचा ऊस मागे राहिला तर ते साऱ्या गावाला दिसते. दिसते म्हणून ते कुणी करत नाही. मग आबा उभे राहतात.

न विचारलेला प्रश्न कुठे जातो?

दडपलेला प्रश्न मरत नाही, तो वाट बदलतो. आणि सभेबाहेरच्या त्याच्या साऱ्या वाटा सभेपेक्षा महाग असतात.

पहिली वाट रस्त्याची. 1979 च्या सुमारास शरद जोशींनी चाकणच्या भागात शेतकरी संघटनेचे काम उभे केले. ‘वारकरी’ नावाचे साप्ताहिक काढले आणि शेतमालाच्या भावाचे गणित शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत मांडायला सुरुवात केली. 10 नोव्हेंबर 1980 पासून नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्ता रोको झाले. उसाला टनामागे 300 रुपये ही मागणी होती. खेरवाडी येथे गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. रस्त्यावर बसलेले अनेक जण कुठल्या ना कुठल्या सहकारी कारखान्याचे सभासद होते. ज्या संस्थेचे ते मालक, तिच्या उसाच्या भावासाठी त्यांना रस्त्यावर बसावे लागले. भाव ठरवण्यात सरकारचा हात मोठा होता हे मान्य करूनही, आपल्याच संस्थेत आपले म्हणणे पोचत नाही, ही भावना त्या गर्दीमागे होती.

दुसरी वाट कोर्टाची. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश 1966 सांगतो. 2022 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एफ.आर.पी. दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. त्याविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले, आणि 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शेतकऱ्याची बाजू शेवटी ऐकली गेली, पण त्यात तीन वर्षे गेली. हीच चर्चा कारखान्याकारखान्यांच्या सभांत आकडे पुढे ठेवून झाली असती, तर काही ठिकाणी तरी आपसात मार्ग निघाला असता.

तिसरी वाट सर्वांत घातक, कारण तिला आवाज नसतो. सभासद भांडत नाही, कागद काढत नाही, सभेला येत नाही. तो गुपचूप ऊस दुसरीकडे घालतो.

नायजेरियाचा भुईमूग आणि आपला ऊस

ही तिसरी वाट अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने फार नेमकी ओळखली. 1970 साली त्यांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात आफ्रिकेतल्या नायजेरियाच्या रेल्वेवरून झाली. त्या देशाच्या उत्तर भागात भुईमूग पिकतो आणि तो सुमारे 800 मैलांवरच्या बंदराला न्यावा लागे. एवढ्या लांबच्या मालाला खरे तर रेल्वेच परवडायची. पण रेल्वेचा कारभार ढिला, म्हणून व्यापारी माल ट्रकने धाडू लागले. ट्रकची स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, असे कुणालाही वाटेल. झाले उलटेच. जे व्यापारी सर्वांत जागरूक, ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला सुधारायला लावले असते, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते न बोलणारे. तोट्याला सरकारी तिजोरी होतीच. रेल्वे तशीच राहिली.

हर्शमन यांचे म्हणणे असे की, संस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा बोलणे. ज्याची संस्थेवर निष्ठा असते तो सोडून जाण्याआधी बोलतो. आपल्याकडे आपण याच्या नेमके उलट धरून बसलो आहोत. बोलेल तो फुटीर, आणि गप्प बसेल तो निष्ठावान! पण गप्प बसलेला माणूस मनाने केव्हाच गेलेला असू शकतो. बोलतो तो अजून आपला आहे, म्हणून बोलतो.

पूर्वी झोनबंदी होती. कार्यक्षेत्रातला ऊस बाहेर नेता येत नव्हता, म्हणून नाराज सभासदही नाइलाजाने ऊस इथेच घालत होता. ती उठल्यापासून चित्र पालटले. आज चांगला ऊस दिसला की चार कारखान्यांची माणसे बांधावर येतात. गुऱ्हाळे आहेत ती वेगळीच. अशा दिवसांत सभासदाला उत्तर न देणे कारखान्याला परवडणारे नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याकडे पाहिले तरी हे कळेल. 1976 साली जायकवाडीचे धरण झाले, पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, फुलंब्री या तालुक्यांत सहकारी कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पुढे त्यांतल्या काही बंद पडल्या, काही कारखाने भाड्याने चालवायला गेले, काही कर्जापोटी विकले गेले. 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळांनी मराठवाड्यातला ऊस होरपळून काढला, हे आपण सगळ्यांनी सोसले आहे. ऊस कमी, कर्ज जास्त, ही कारणे उघड आहेत. त्याचे खापर कुणा एकावर फोडण्याचा इथे हेतू नाही. पण ज्याचा शेअर बुडाला, त्या प्रत्येक सभासदाने स्वतःला एक विचारून पाहावे : कर्जाचा खरा आकडा आपल्याला कधी कळला? तो आकडा अहवालात असताना आपण ‘मंजूर’ म्हणालो होतो का? बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होऊ नये, एवढ्यासाठी तरी अहवालाचे पुस्तक फडताळातून खाली काढले पाहिजे.

दोन गट असले म्हणून काय बिघडले?

काहींना भीती वाटते की, विरोधाला वाव दिला तर कारखान्याचा आखाडा होईल. यावर आपल्या शेजारच्याच एका कारखान्याचा दाखला आहे. बी. एस. बाविस्कर या समाजशास्त्रज्ञांनी वैजापूरला लागून असलेल्या कोपरगाव तालुक्यातल्या सहकारी कारखान्याचा गावात राहून अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1980 साली निघाले. तिथे त्यांना गट दिसले, चुरशीच्या निवडणुका दिसल्या, नात्यागोत्याचे राजकारण दिसले. तरीही कारखाना चालत होता आणि भागाचा विकासही होत होता. राजकारण आले म्हणजे सहकार बुडालाच, असे त्यांना आढळले नाही.

डोनाल्ड अॅटवुड या परदेशी अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर 1992 साली पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोठ्या बागायतदाराला आणि छोट्याला टनाचा दर एकच मिळतो, म्हणून कारखाना नीट चालावा यात दोघांचे हित एक. पाच एकरवाला प्रश्न विचारतो तेव्हा तो अर्ध्या एकरवाल्याचेही काम करीत असतो. तेव्हा गट असण्याने बिघडत नाही. एका गटाने दुसऱ्याचे ऐकायचेच नाही असे ठरवले, की मग बिघडते.

भाषा कुणाची?

आपले म्हणणे लोकांपर्यंत न्यायचे कसे, हे आपल्या मातीला नवे नाही. पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडे लिहिली. त्यांत वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, गोंधळी बोलतो. रोज दारावर येणाऱ्या माणसाच्या तोंडून त्यांनी मोठा विचार सांगितला, म्हणून तो घराघरांत पोचला. भागवतावरची टीका त्यांनी मराठीत लिहायला घेतली तेव्हा काशीच्या पंडितांनी हरकत घेतली. परंपरा असे सांगते की महाराज स्वतः तिथे गेले, ग्रंथ सभेपुढे ठेवला, आणि वाचून झाल्यावर हरकत घेणाऱ्यांनीच त्याचा सन्मान केला. आक्षेप आला तर कागद लपवायचा नाही, सभेपुढे ठेवायचा, हा धडा आपल्याला घरचाच आहे.

आपला अहवाल मात्र अजून हिशेबनिसांच्या भाषेत असतो. ‘तरतूद’, ‘संचित तोटा’, ‘अल्पमुदत’ हे शब्द सभासदाला कोण समजावणार? अहवालाच्या पहिल्या पानावर साध्या मराठीत आठ-दहा ओळी असाव्यात : कर्ज गेल्या वर्षी किती होते, यंदा किती आहे, उतारा किती पडला, तोडणी-वाहतूक टनाला किती आली, साखर सरासरी काय भावाने गेली, सभासदांचे किती देणे बाकी आहे, लेखापरीक्षकाने काय आक्षेप घेतले आणि त्यांवर काय केले.

दोन्ही बाजूंनी पाळायच्या गोष्टी

संचालक मंडळाने आणि अधिकाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. एक, सभेच्या आधी महिनाभर गटवार बैठका घ्याव्यात. शंभर माणसांत जो बोलतो तो दहा हजारांत बोलत नाही, आणि बायाबापड्या तर मंडपात मुळीच बोलत नाहीत. सातबारावर आणि शेअरवर बाईचे नाव असेल तर बैठकीचे बोलावणेही तिच्या नावाने जावे. दोन, लेखी प्रश्नांची एक वही ठेवावी. प्रश्नाला नंबर, मिळाल्याची तारीख, उत्तर आणि उत्तराची तारीख. सभेत वेळ पुरला नाही तर उरलेली उत्तरे पुढच्या अंकात छापावीत. तीन, विरोधी मत पडले तर इतिवृत्तात त्याची नोंद करावी. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरोखर सर्वांचे मत पडले तरच लिहावा. चार, आणि सर्वांत आधी, तोडणीची यादी कारणांसह भिंतीवर लावावी, आणि बदल झाला की सभासदाला तो चिटबॉयच्या तोंडून कळावा, पारावरून नव्हे.

सभासदांवरही जबाबदारी आहेच. प्रश्न लेखी द्यावा, वेळेत द्यावा आणि आकड्यावर बोट ठेवून विचारावा. ‘कारभार चांगला नाही’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘पान अमुकवरचा खर्च दीडपट का झाला’ याला द्यावेच लागते. कुणाच्या घरादारावर, जातीवर, भावकीवर जाऊ नये. ऐकीव गोष्ट मोबाईलवर पुढे ढकलण्याआधी गट ऑफिसात जाऊन कागद बघावा. कलम 32 त्यासाठीच आहे. उत्तर मिळाले आणि पटले तर तसे सभेतच सांगावे. पटले नाही तर मत विरुद्ध नोंदवावे, पण बहुमताचा निर्णय झाल्यावर ऊस आपल्याच कारखान्याला घालावा. बोलण्याचा हक्क आणि ऊस घालण्याचे कर्तव्य ही एकाच जूवरची बैलजोडी आहे. एकाने मान टाकली तर दुसऱ्याला गाडा ओढत नाही.

गाव करी ते राव काय करी, असे आपण म्हणतो. पण गाव करते ते आधी एके ठिकाणी बसून, चार उलटसुलट गोष्टी बोलून आणि ऐकून. यंदाच्या सभेला येताना अहवालाचे पुस्तक सोबत आणावे, ज्या पानावर शंका आहे तिथे काडी घालून आणावे, आणि मागच्या रांगेत कुणी कागद घेऊन उभा राहिला तर त्याचा सदरा ओढू नये. त्याचे बोलून होईपर्यंत दम धरावा. जेवण दहा मिनिटे उशिरा झाले तरी चालेल.